वरंधा घाट : एका दुय्यम रस्त्याचा इतिहास

पुणे शहराच्या पश्चिमेला सह्याद्रीची भिंत उभी आहे. देशावरच्या माणसाला मीठ, मासळी, नारळ हवा असेल, किंवा कोकणातल्या माणसाला ज्वारी, गूळ, कांदा हवा असेल, तर त्याला ही भिंत ओलांडावीच लागते. ती जिथे जिथे ओलांडता येते त्या जागेला आपण घाट म्हणतो. नदीवर उतरण्याच्या पायऱ्यांनाही घाट आणि डोंगर उतरण्याच्या वाटेलाही घाट! दोन्ही ठिकाणी माणूस खाली उतरतो, आणि दोन्ही ठिकाणी पाय जपून टाकावा लागतो.

पुण्याच्या घाटांत वडीलकीचा मान बोरघाटाचा. खंडाळ्याहून खोपोलीला उतरणारा हा घाट सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याच्यावर ग्रंथ झाले, चित्रे झाली, रेल्वे झाली, आणि २००२ मध्ये त्यातून द्रुतगती मार्गही पुरा झाला. परंतु आज मी तुम्हांला नेणार आहे ते त्याच्या धाकट्या भावाकडे. पुण्याहून कात्रज, शिवापूर, कापूरहोळ करीत भोरला जावे. भोरहून नीरा नदीचे खोरे धरून पश्चिमेला हिर्डोशी, शिरगावपर्यंत चढावे. वाघजाईच्या देवळाशी सह्याद्रीची धार ओलांडावी. आणि मग माझेरी, वरंध, बिरवाडी करीत महाडास उतरावे. एकूण अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. या मार्गातील डोंगर उतरणारा जो तुकडा, तो वरंधा घाट. सरकारी भाषेत हा कित्येक वर्षे साधा राज्यमार्ग होता. अलीकडे त्याला ‘९६५ डीडी’ असा राष्ट्रीय महामार्गाचा क्रमांक मिळाला आहे. क्रमांक बदलला तरी लोकांच्या हिशेबी तो दुय्यम तो दुय्यमच राहिला. हे दुय्यमपण आले कोठून, आणि त्याची किंमत कोण देतो, एवढेच मला आज सांगायचे आहे.

प्रथम वाटेचे वय पाहू. हा रस्ता केव्हाचा, असे कोणी विचारले तर डांबराचे वय सांगून भागत नाही. वाट ही रस्त्याची आजी. नाणेघाटात सातवाहनांचे शिलालेख आहेत आणि जकातीचा म्हणून दाखविला जाणारा दगडी रांजण आहे. म्हणून त्या वाटेची प्राचीनता शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. वरंध्याला असा लेख नाही. परंतु एक गोष्ट पाहा. या मार्गाच्या खालच्या टोकाला, महाडजवळ, गांधारपाले येथे बौद्ध लेणी आहेत, आणि वरच्या अंगाला, भोरपासून फार दूर नाही अशा शिरवळजवळही बौद्ध लेणी आहेत. लेणी कोरणारे भिक्षू एकांत शोधीत हे खरे. पण तो एकांत भिक्षेच्या आणि दानाच्या टप्प्यात असावा लागे. व्यापाऱ्यांचे तांडे जिथून जात तिथेच दान मिळे, आणि पावसाळ्यात अडकलेल्या वाटसरूंना आसराही तिथेच मिळे. घाटाच्या दोन्ही अंगांना लेणी असावीत याचा सरळ अर्थ असा की मधल्या डोंगरातून दोन हजार वर्षांपूर्वीही माणसे ये-जा करीत होती.

त्यांना इथेच ये-जा करावीशी का वाटली याचे उत्तर पाण्यात आहे. महाड हे सावित्री नदीवरचे गाव. भरतीच्या पाण्यावर बाणकोटच्या खाडीतून गलबते थेट महाडच्या जवळपर्यंत येत. समुद्राचा माल इतका आत येऊन पोचतो म्हटल्यावर तिथून वर चढणारी वाट निर्माण होणारच. आणि वरच्या अंगाला नीरा नदीने खोरे कोरून अर्धी चढण आधीच करून ठेवलेली. नीरेचा उगम याच घाटमाथ्यावर, शिरगावला आहे. म्हणजे भोरहून निघालेला वाटसरू नदीचे बोट धरून तिच्या जन्मस्थानापर्यंत जातो, आणि तिथून पलीकडे पाऊल टाकले की सावित्रीच्या प्रदेशात उतरतो. धारेच्या पूर्वेला पडलेला थेंब नीरेतून भीमेत, भीमेतून पंढरपूरच्या चंद्रभागेत आणि पुढे कृष्णेतून पूर्वसमुद्राला जातो. पश्चिमेला पडलेला थेंब काही तासांत बाणकोटला पोचतो. या रस्त्याला लोक महाड-पंढरपूर रस्ता असेही म्हणतात. कोकणातल्या वारकऱ्याचा आणि नीरेच्या पाण्याचा मुक्काम एकच आहे म्हणायचा!

आता शिवकाळात येऊ. वरंध्याच्या वरच्या अंगाला जो मुलूख आहे तो हिरडस मावळ आणि रोहिड खोरे. बांदल आणि जेधे ही देशमुख घराणी इथलीच. बाजीप्रभू देशपांडे बांदलांच्या पदरचे. त्यांचे शिंद हे गाव भोरजवळच आहे. खालच्या अंगाला जावळीच्या मोऱ्यांचा अंमल. १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी जावळी घेतली, त्याच वर्षी रायरी घेतली, आणि पुढे त्या रायरीचा रायगड होऊन १६७४ मध्ये तिथे राज्याभिषेक झाला. स्वराज्याची पहिली राजधानी राजगड घाटावर आणि दुसरी रायगड घाटाखाली. मधे सह्याद्री. तेव्हा राज्याचा कारभार म्हणजे एका अर्थी घाटवाटांचाच कारभार होता. मढे घाट, उपांड्या घाट, शेवत्या घाट, वरंधा, अशा कितीतरी वाटा या टापूत एकमेकींच्या शेजारून उतरतात. तानाजी मालुसऱ्यांचा देह सिंहगडाहून त्यांच्या उमरठ गावी नेला तो मढे घाटाने, असे परंपरा सांगते. वरंध्याच्या माथ्यावर कावळ्या नावाचा लहानसा किल्ला आहे. आजचा गाडीरस्ता त्याच्या अंगाखांद्यावरूनच जातो, आणि जवळच खडकात कोरलेली पाण्याची टाकी आहेत. घाटाच्या तोंडाशी किल्ला आणि पाणी असणे याचा अर्थ पहारा होता, आणि पहारा होता याचा अर्थ वाट वाहती होती.

या घाटाच्या पायथ्याच्या रानात शिवथरची घळ आहे. समर्थ रामदासांनी दासबोध सांगितला ती हीच जागा, असे मानतात. कित्येक वर्षे ही घळ विस्मृतीत गेली होती. १९३० मध्ये धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी ती शोधून काढली. आज भाविकांच्या गाड्या तिथे जातात. पण समर्थांनी ही जागा निवडली ती सहजासहजी कोणी पोचू नये म्हणूनच, नाही का?

इथे इतिहासाची एक गंमत लक्षात घेण्यासारखी आहे. आज आपण वाट अवघड आहे म्हणून तक्रार करतो. त्या काळी वाट अवघड असणे हा गुण होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडाचा मार्ग सोपा असू नये, सोपा असेल तर तो मोडून झाडी वाढवावी आणि दुसरीकडून अवघड वाट काढावी, असा उपदेश आहे. शत्रूच्या तोफा जिथून येऊ शकत नाहीत तीच चांगली वाट! बैल चढला पाहिजे, घोडे दमले पाहिजे, आणि गाडा तर चढताच कामा नये. म्हणूनच मराठ्यांच्या राज्यात घाटवाटा पुष्कळ आणि गाडीरस्ते थोडे, अशी स्थिती होती. याला केवळ आळस म्हणता येणार नाही. त्यामागे राजकारणाचा विचार होता.

पेशवाईच्या अखेरीस महाड दोनदा महाराष्ट्राच्या राजकारणाच्या मध्यभागी आले, आणि दोन्ही वेळा संकटातच आले. सवाई माधवराव १७९५ मध्ये वारले. पुढच्या वर्षी पुण्यातले वारे फिरले तेव्हा नाना फडणीस घाट उतरून महाडास जाऊन बसले आणि रायगडाच्या आधाराने त्यांनी तिथून सारी सूत्रे हलविली. ‘महाडचे कारस्थान’ म्हणून इतिहासात प्रसिद्ध आहे ते हेच. नंतर २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरच्या लढाईत यशवंतराव होळकरांनी पेशव्यांचा पराभव केला. दुसरा बाजीराव पुण्यातून निघाला तो सिंहगडावरून महाड-रायगडकडे, तिथून सुवर्णदुर्ग, आणि तिथून समुद्रमार्गे वसईला. ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्याने इंग्रजांशी तह केला. त्याचे परिणाम सर्वांना माहीत आहेत. मे १८१८ मध्ये इंग्रजांनी रायगड घेतला तेव्हा बाजीरावाची पत्नी वाराणसीबाई गडावरच होती.

या प्रसंगांचा आणि आपल्या रस्त्याचा संबंध काय, असे कुणी म्हणेल. संबंध असा की राजमार्ग बंद झाला, शत्रूने अडविला, की माणूस आडवाटेची आठवण काढतो. सुखाच्या दिवसांत पुणे बोरघाटाकडे पाहत असे; अडचण आली की पुणे महाडकडे वळत असे. दुय्यम वाटेची खरी किंमत पहिली वाट अडल्यावर कळते. ही गोष्ट १८०२ मध्ये जितकी खरी होती तितकीच आजही आहे.

मग बोरघाट वडील आणि वरंधा धाकटा, हे कधी ठरले? ते इंग्रजांनी ठरविले, आणि त्यांच्या दृष्टीने बरोबरच ठरविले. त्यांची सत्ता मुंबईत, लष्कराचे ठाणे पुण्यात. मुंबईहून तोफा पुण्याला चढल्या पाहिजेत, हा त्यांचा पहिला प्रश्न. आज्ञापत्राच्या अगदी उलट! १८०४ मध्ये आर्थर वेलस्लीने बोरघाटातली वाट तोफांसाठी सुधारून घेतली. १० नोव्हेंबर १८३० रोजी गव्हर्नर सर जॉन माल्कमने त्याच घाटातला नवा गाडीरस्ता खुला केला. आणि १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली. पंचवीस बोगदे, आणि काम ऐन भरात असताना चाळीस हजारांवर मजूर. त्यांतले किती कॉलऱ्याने आणि अपघाताने गेले याची आठवण गाडीच्या खिडकीतून धबधबे पाहताना कोणाला होत नाही. असो. रेल्वे झाली आणि देशावरच्या मालाने आपला ओढा कायमचा मुंबईकडे वळविला. बाणकोट-महाड-भोर ही साखळी तुटली नाही, पण सैल पडली. बैलांच्या पाठीवरची गोणी बैलगाडीत आली, पुढे घाटात मोटारही आली; तथापि बरोबरीचा मान गेला तो गेलाच.

दुसरे एक कारण होते. वरंध्याचा वरचा मुलूख भोर संस्थानाचा. शंकराजी नारायण सचिवांच्या घराण्याचे हे राज्य. शंकराजींची समाधी भोरजवळ आंबवडे येथे आहे. संस्थानाचे विचित्रगड, राजगड, प्रचंडगड हे तालुके घाटावर, तर सुधागड तालुका कोकणात. म्हणजे राज्यच सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना पाय टाकून उभे. अशा राज्याला घाटांचे महत्त्व कोणी शिकवायला नको होते. पण लहान संस्थानाची तिजोरी ती केवढी! मोठा रस्ता बांधायला इंग्रज सरकारचा स्वार्थ लागे, आणि इथे तो नव्हता.

८ मार्च १९४८ रोजी भोर संस्थान विलीन झाले. त्याच वर्षी १ जूनला पुण्याहून अहमदनगरला एस.टी.ची पहिली गाडी सुटली. या दोन तारखा मी मुद्दाम शेजारी ठेवतो. संस्थानाची सीमा पुसली गेली, आणि पाठोपाठ तांबड्या गाडीने गावोगावच्या वाटा एका वेळापत्रकात ओवायला सुरुवात केली. घाटातल्या गावांच्या दृष्टीने स्वराज्य म्हणजे वेळेवर येणारी गाडी. भोरच्या बाजाराला, तालुक्याच्या कचेरीला, दवाखान्याला जायचे ते याच रस्त्याने. खालच्या गावांना महाड, बिरवाडीची औद्योगिक वसाहत, मुलीचे सासर, मुलाची नोकरी, सारे याच रस्त्यावर. आपल्याला हा दुय्यम रस्ता वाटतो. शिरगावच्या किंवा माझेरीच्या माणसाला दुसरा रस्ताच नाही. त्याचा पहिला रस्ता हाच.

आणि या खोऱ्याने इतरांना दिले आहे तेही थोडेथोडके नाही. भोरजवळ वेळवंडी नदीवर भाटघरला इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकातच धरण बांधले. त्याच्या जागी पुढे मोठे धरण झाले, ते १९२८ मध्ये खुले झाले. त्यात साडेतेवीस टीएमसी पाणी मावते. नीरेवर देवघर येथे पुढे दुसरे धरण झाले. त्याची क्षमता पावणेबारा टीएमसीच्या जवळपास. हे पाणी जाते पूर्वेला, नीरेच्या कालव्यांनी, बारामती-फलटणच्या उसाला. वरच्या गावांची भाताची खाचरे पाण्याखाली गेली, आणि रस्ता जलाशयाच्या काठाकाठाने वळला. आज प्रवाशाला तो देखावा रमणीय वाटतो. वाटावाच, पण त्या निळ्या पाण्याखाली कोणाचे तरी अंगण आहे एवढे ध्यानात ठेवावे. पाणी दिलेल्या माणसांना बदल्यात निदान बारमाही रस्ता मिळावा, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येईल का?

बारमाही! इथेच सगळी मेख आहे. घाटरस्ता एकदा बांधून होत नाही; तो दर पावसाळ्यानंतर पुन्हा बांधावा लागतो. कसा ते सांगतो. आपला सह्याद्री म्हणजे ज्वालामुखीच्या रसाचे एकावर एक बसलेले थर. काळ्या कातळाचा एक थर, त्यावर कधी तांबूस मऊ मातीसारखा पातळ थर, त्यावर पुन्हा कातळ. कातळातल्या भेगांतून पाणी खाली झिरपते, मऊ थराशी येऊन अडते, तो थर फुगतो, चिकट होतो आणि वरचे ओझे सोडून देतो. त्या वेळी जे खाली येते तिला आपण दरड म्हणतो. रस्ता काढण्यासाठी डोंगराचा पाय कापला की वरच्या ओझ्याचा आधार आधीच कमी झालेला असतो. त्यात पावसाचे पाणी रस्त्यावर साचले, तर ते बाहेरच्या अंगाचा भराव खाते आणि रस्ताच दरीत उतरतो. म्हणजे आतून डोंगर रस्त्यावर येतो आणि बाहेरून रस्ता दरीत जातो. दोहींचे कारण एकच, वाट न मिळालेले पाणी.

म्हणून घाटरस्त्याचा जीव डांबरात नसतो, तो गटारात असतो. डोंगराकडच्या अंगाला खणलेला चर, रस्त्याखालून पाणी पलीकडे काढणाऱ्या मोऱ्या, आणि दरीकडचा दगडी कठडा व त्याखालची भिंत, या तीन गोष्टी धड असतील तर साधा खडीचा रस्ताही पावसाळे काढतो. त्या धड नसतील तर चौपदरी काँक्रीटही टिकत नाही. पूर्वी यासाठी एक माणूस असे. त्याला मैलकुली म्हणत. रस्त्याचा ठरलेला तुकडा त्याच्या हवाली असे. मे महिन्यात तो चर उपसायचा, मोरीतला पालापाचोळा काढायचा, पावसात घोंगडे किंवा इरले घेऊन फिरायचा, कुठे दगड सुटला, कुठे पाणी गढूळ झाले ते पाहायचा. तो बहुधा त्याच टापूतला असे. कोणता ओढा कोणत्या पावसात फुटतो हे त्याला नकाशावाचून ठाऊक असे. हा मैलकुली आता रस्त्यांवरून दिसेनासा होत चालला आहे. कामे ठेक्याने जातात. ठेकेदार वाईटच असतो असे नव्हे. पण ठेक्याचे कागद ऋतू पाहून निघत नाहीत, आणि ओढा निविदेची वाट पाहत नाही.

२२ जुलै २०२१ ची रात्र या टापूला विसरता येणार नाही. जवळच्या महाबळेश्वरी चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. पुणे शहराला वर्षभरात जेवढा पाऊस मिळतो, त्याच्या तो पाऊण हिश्शाहून अधिक भरतो. आणि तो एका दिवसात! त्या दिवशी महाड शहर पाण्यात गेले, आणि महाड तालुक्यातल्या तळिये गावावर डोंगर कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. तळियेची दरड रस्त्यामुळे पडली असे मी म्हणत नाही. तसे म्हणायला आधार नाही. पण त्याच पावसाने वरंधा घाट ठिकठिकाणी तुटला, आणि महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरणारा शेजारचा आंबेनळी घाटही तुटला. म्हणजे महाडवर संकट कोसळले त्याच वेळी देशावरून महाडला उतरणाऱ्या जवळच्या दोन्ही वाटा बंद! दुय्यम रस्त्याची गरज ज्या एका दिवशी सर्वांत अधिक होती, त्या दिवशी तो नव्हता.

त्यानंतरचा क्रम वर्तमानपत्र वाचणाऱ्यांना पाठ झाला आहे. पावसाळा आला की घाट जड वाहनांना बंद, अतिवृष्टीचा इशारा आला की सर्वांनाच बंद. आणि पावसाळा संपला की रुंदीकरणासाठी पुन्हा बंद. बंदी चुकीची आहे असे नाही. माणसाचा जीव वाचविण्यासाठी फलक लावावाच लागतो. पण फलक हा उपाय नव्हे. ती उपाय झाला नसल्याची कबुली आहे. वाघजाईपाशी चहा-भज्यांच्या टपऱ्या आहेत. पावसाचे तीन महिने हाच त्यांचा हंगाम, आणि नेमका त्याच महिन्यांत घाट बंद. पुण्याच्या हौशी प्रवाशाची एक सहल चुकते. त्या टपरीवाल्याचे वर्ष चुकते. बिरवाडीला कामाला जाणारा वरच्या गावचा तरुण शेकडो किलोमीटरचा वळसा घालू शकत नाही. तो खोली करून राहतो, किंवा काम सोडतो.

तुलनेसाठी पुन्हा बोरघाटाकडे पाहू. जुलै २०१५ मध्ये द्रुतगती मार्गावर आडोशी बोगद्याजवळ दरड कोसळून माणसे दगावली. मोठा गाजावाजा झाला, आणि योग्यच झाला. पुढे सैल कातळ उतरविले गेले, डोंगराला पोलादी जाळ्या बांधल्या गेल्या. जुलै २०२३ मध्ये तिथे पुन्हा दरड आली, तेव्हा काही तासांत यंत्रे हजर होती. सह्याद्रीचा दगड दोन्हीकडे तोच, पाऊस वरंध्याला कमी नाही. फरक एवढाच की तिकडे रस्ता एक दिवस बंद राहिला तर मुंबई-पुण्याचे नुकसान आकड्यांत मांडले जाते, आणि इकडे तो महिनोन्महिने बंद राहिला तरी नुकसान मांडणारे कोणी नसते. दुय्यम हा शब्द रस्त्याला लावलेला दिसतो. खरे पाहता तो रस्त्यावरच्या माणसांना लागलेला असतो.

मग करावे काय? सामान्य नागरिकाच्या बुद्धीला तीन गोष्टी सुचतात. पहिली, रुंदीच्या आधी पाणी. डोंगराचा पाय आणखी कापून रस्ता ऐसपैस करण्याआधी चर, मोऱ्या आणि भिंती यांचा हिशेब पुरा व्हावा. घाटात गाडी दहा मिनिटे उशिरा पोचली तरी चालेल, पण ती पोचली पाहिजे. दुसरी, मैलकुली परत यावा. नाव काही का असेना, पण घाटातल्या गावांतलीच माणसे, बारा महिन्यांच्या पगारावर, आपापल्या तुकड्याची राखण करणारी असावीत. पूर्वी घाटमाथ्यावर पहारा ठेवीत तो शत्रूसाठी. आज पाणी हाच शत्रू आहे, आणि पहाऱ्याची गरज संपलेली नाही. तिसरी, दरडींची वही असावी. कोणत्या वर्षी, कोणत्या वळणावर, किती पावसात दरड आली, हे गावातल्या म्हाताऱ्या माणसांना ठाऊक असते. ते त्यांच्याबरोबर जाऊ देऊ नये. इतिहास म्हणजे केवळ राजांच्या तारखा नव्हेत. दरड कोसळल्याची तारीखही इतिहासच, आणि ती पुढच्या पिढीच्या अधिक उपयोगी पडेल.

वरंध्याने दोन हजार वर्षांत पुष्कळ पाहिले. भिक्षू, व्यापारी, मावळे, नाना, पळणारा पेशवा, संस्थानचे बैलगाडे आणि एस.टी.ची तांबडी गाडी, सारे या टापूतून गेले. यांपैकी कोणत्याही काळात हा पहिल्या क्रमांकाचा मार्ग नव्हता, आणि पुढेही होणार नाही. त्याची त्याला खंतही नसावी. परंतु राज्याची परीक्षा त्याच्या राजमार्गांवर होत नाही. राजमार्ग कोणीही राखतो. तिथे राजाच जात असतो. ज्या वाटेने फक्त रयत जाते ती वाट आषाढात चालू आहे की नाही, यावरून राज्य कसे चालले आहे ते कळते. पुढल्या पावसाळ्यात ‘घाट बंद’ अशी दोन शब्दांची बातमी आपल्या वाचनात येईल, तेव्हा तिच्या पलीकडची गावे एकदा नावाने आठवावीत: हिर्डोशी, शिरगाव, माझेरी, वरंध, बिरवाडी. नावे आठवली म्हणजे रस्ता दुय्यम वाटेनासा होतो.